वर्गात प्रश्न कोणाला विचारला जातो?

पाच सप्टेंबर जवळ आला की शिक्षकांविषयी लिहिण्याचा एक ठरलेला साचा बाहेर निघतो. कुणी सनदी अधिकारी, कुणी डॉक्टर, कुणी लेखक आपल्या गावाकडच्या गुरुजींची आठवण काढतो. गुरुजी कडक होते, हातावर छडी बसायची, पण त्यांच्यामुळेच मी घडलो, असं सांगतो. दुसरा साचा बारमाही आहे, तो बातमीचा: अमुक शाळेत मुलाला बेदम मारलं, पालक शाळेवर धावून गेले, शिक्षक निलंबित. पहिल्यात शिक्षक देव होतो, दुसऱ्यात राक्षस. रोजचा पस्तीस-चाळीस मिनिटांचा साधा तास मात्र दोन्हींत कुठे सापडत नाही, आणि मुलांचं जे काही बरंवाईट होतं ते बहुतेक त्या साध्या तासातच होतं.

शिवाय पहिल्या साच्यातली साक्ष एकतर्फी आहे. मार खाऊन घडलो असं सांगणारे सगळे घडलेलेच असतात. त्याच छडीला भिऊन चौथीतून शाळा सोडलेला, पुढे गुरांमागे किंवा ऊसतोडीला गेलेला वर्गमित्र शिक्षकदिनाच्या पुरवणीत लेख लिहीत नाही. त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी 'आपलं डोकंच नव्हतं शाळेचं' असं तो स्वतःबद्दलच सांगेल. शाळेनं त्याच्याविषयी काढलेला निष्कर्ष त्यानं कधीच स्वतःचा करून टाकलेला असतो.

छडीचं आपल्याला प्रेम आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणला, त्यातलं छडीचं गाणं आजही स्नेहसंमेलनात हमखास वाजतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये सहा वर्षं शिकवणाऱ्या, वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुऊन ठेवणाऱ्या साने गुरुजींच्या नावाशी ते गाणं कायमचं जोडलं गेलं, हा योगायोग मला नेहमी खटकतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बालकांच्या छळाविषयीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. मार थांबला असं म्हणता येणार नाही, पण तो आता उघड्यावर अभिमानानं दिला जात नाही. हेही कमी नाही.

मात्र छडी गेल्यावर वर्गातला अन्याय संपतो, अशी एक भाबडी समजूत त्यातून तयार झाली. माराचा वळ तरी दिसतो. प्रश्न कोणाला विचारला, उत्तरासाठी किती थांबलं, अडल्यावर कोणाला हात दिला आणि कोणाला 'बस खाली' म्हटलं, याचा वळ कुठेच उमटत नाही. माझं म्हणणं असं की मुलांच्या शिकण्यावर शिक्षकाच्या या बिनआवाजाच्या वागण्याचा परिणाम मोठा होतो, आणि तो सगळ्यांवर सारखा होत नाही. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, आई-वडील शिकलेले आहेत, शिकवणी आहे, त्याच्यासाठी वाईट शिक्षक म्हणजे एक वाया गेलेलं वर्ष. ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारा तोच पहिला, त्याच्यासाठी तो बऱ्याचदा अख्ख्या शिक्षणाचा शेवट असतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून मी बसलो होतो. पाढ्यांची उजळणी चालली होती. बाई चांगल्या होत्या हे आधीच सांगतो: आवाज चढत नव्हता, हातात पट्टी नव्हती, मुलं त्यांना बिचकत नव्हती. "सात आठे?" त्यांनी शेवटच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं. ती उठली, छताकडे बघत ओठ हलवू लागली. मी तिच्या अगदी मागे होतो म्हणून मला ऐकू आलं: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. ती पाढा पायथ्यापासून चढत होती. सात पाचे पस्तीसपर्यंत पोचली तोवर बाई म्हणाल्या, "बस. तू सांग रे." पहिल्या बाकावरून "छप्पन्न" आलं. मुलगी बसली, बसल्यावरही तिचे ओठ थोडा वेळ हलत राहिले.

पुढे पहिल्या बाकावरच्या त्याच मुलाला 'बारा नव्वे' अडलं. बाई थांबल्या. "बारा दाहे किती?" "एकशे वीस." "मग त्यातून बारा काढ की." "एकशे आठ." "शाब्बास!"

तास संपल्यावर मी हे बाईंना सांगितलं, तर त्यांना खरोखर आठवेना. "ती जरा स्लो आहे हो," एवढंच म्हणाल्या. त्यात दुष्टावा तसूभरही नव्हता. मुलाला उत्तर येईल असं त्यांनी धरलं होतं म्हणून त्या थांबल्या, वाट दाखवली. मुलीला येणार नाही असं धरलं होतं. म्हणून तिला ताटकळत उभं ठेवण्यापेक्षा बसवणं ही त्यांना दया वाटली. आता दिवसात असे दहा प्रश्न, वर्षात दोनशेच्या वर दिवस, आणि हीच वर्गवारी पहिलीपासून चालत आलेली. चौथीतला तो मुलगा आणि ती मुलगी यांच्यातलं अंतर देवानं किती दिलं आणि वर्गानं किती वाढवलं, हे कोण सांगणार?

या थांबण्याचं मोजमाप झालेलं आहे. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या आगेमागे वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा ढीग ऐकला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो, त्यानंतर प्रश्न पुन्हा तरी विचारतो किंवा दुसऱ्याकडे तरी वळतो, असं त्यांना आढळलं. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की शिक्षकांच्या मते हुशार असलेल्या मुलांसाठी ते जास्त थांबत आणि कच्च्या मुलांसाठी कमी. ज्याला वेळ जास्त लागतो त्यालाच वेळ कमी! हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. आणि शिक्षकांचं काही मुलांविषयीचं मतही बदललं, कारण ज्यांना काही येत नाही असं ते समजत होते ती उत्तरं देताना दिसू लागली. मला या सगळ्या संशोधनातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपण शिक्षकांची मनोवृत्ती बदलण्यासाठी शिबिरं घेतो, भाषणं ठेवतो. इथे वागणं दोन सेकंदांनी बदललं आणि मत त्याच्या मागोमाग आलं.

शिक्षकाच्या अपेक्षेविषयी बोलायचं तर रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांच्या प्रयोगाला वळसा घालता येत नाही. बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तो कधी ना कधी परीक्षेत लिहिलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं गेलं की चाचणीवरून अमुक मुलं यंदा झपाट्यानं पुढे येणार असं दिसतं. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती, वर्गातली सुमारे पाचवा हिस्सा मुलं. वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे गुण इतरांपेक्षा जास्त वाढले. १९६८ मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि गाजलं. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते, आणि तिचं तात्पर्य म्हणून 'विश्वास ठेवा, मूल फुलेल' असं काहीतरी फळ्यावर लिहिलं जातं.

खरी गोष्ट इतकी गोड नाही. वरच्या इयत्तांत तो परिणाम दिसला नव्हता. चाचणीवर आणि आकडेमोडीवर रॉबर्ट थॉर्नडाइक यांच्यासारख्या जाणकारांनी त्याच वर्षी झोड उठवली. पुढची तीस-पस्तीस वर्षं शेकडो अभ्यास झाले. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ मध्ये त्या सगळ्यांचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष निघाला की शिक्षकाच्या अपेक्षेनं मूल बदलतं, पण सर्वसाधारणपणे थोडंच. बऱ्याचदा शिक्षकाचा अंदाज खरा ठरतो तो केवळ अंदाज बरोबर असतो म्हणून. इथे थांबलं तर शिक्षकाच्या वागण्याला फार महत्त्व देऊ नये असं कुणी म्हणेल. पण त्याच आढाव्यात पुढे म्हटलं आहे की समाजात ज्यांच्यावर आधीच कमीपणाचा शिक्का बसलेला आहे त्या गटांतल्या मुलांवर हा परिणाम अधिक जोरकस असू शकतो. म्हणजे सरासरी लहान दिसते, कारण बहुसंख्य मुलांना दुसरे आधार असतात. सगळा भार ज्यांच्या डोक्यावर येतो ती सरासरीत विरघळून जातात.

अमेरिकेत सेंट लुईस शहरातल्या एका बालवर्गाचा रे रिस्ट यांनी बारकाईनं अभ्यास करून १९७० मध्ये लिहिलं. शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले आणि बाईंनी मुलं तीन टेबलांवर वाटून बसवली. पहिल्या टेबलावरची मुलं नीटनेटक्या कपड्यांची, प्रमाण इंग्रजी बोलणारी, बाईंशी मोकळी. तिसऱ्या टेबलावर मळक्या कपड्यांची, काहींच्या अंगाला वास येणारी, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतली. बाई पहिल्या टेबलाजवळ उभ्या राहून शिकवत. तिसऱ्या टेबलावरून फळाही नीट दिसत नसे. दुसरीपर्यंत ही विभागणी जवळपास तशीच राहिली; फरक इतकाच की तोवर तिला चाचणीतल्या गुणांचा आधार मिळाला होता. आणि हे ऐकून 'गोऱ्या बाई असतील' असं वाटत असेल तर थांबा. शाळेतली सगळी मुलं कृष्णवर्णीय होती आणि बाईही.

मळक्या अंगाचं मूल आपल्याकडेही कुणीतरी पाहिलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे मुलांना अंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा बालवाडीच्या कामाचाच भाग धरला गेला. मूल शाळेत येत नाही म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात भरवली. डोळ्यांना दिसलेली गोष्ट सेंट लुईसला आणि बोर्डीला एकच होती. एका ठिकाणी तिच्यामुळे मूल तिसऱ्या टेबलावर गेलं, दुसऱ्या ठिकाणी पाण्याचं घंगाळ पुढे आलं.

महाराष्ट्रात वर्गातल्या जागेविषयी बोलताना साताऱ्याची शाळा टाळता येणार नाही. ७ नोव्हेंबर १९०० हा भीमराव आंबेडकरांच्या तिथल्या शाळाप्रवेशाचा दिवस. राज्यात तो आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे आणि शाळेचा नोकर त्याला शिवत नसल्यानं ते रोज घरी न्यावं लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तहान लागली तर शिक्षकाची परवानगी आणि शिपायाची हजेरी दोन्ही लागत. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्याच्या मागे मुलांनी आपले जेवणाचे डबे ठेवले होते. पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. या प्रसंगात आपण डब्यांविषयी बोलतो. मला त्या शिक्षकाविषयीही बोलावंसं वाटतं. त्यानं काही क्रांतीचं भाषण केलं नव्हतं. इतरांना बोलवावं तसं याही मुलाला फळ्यापाशी बोलावलं होतं. फळ्यापाशी बोलावणं किती मोठी गोष्ट असू शकते हे त्या गलक्यावरून कळतं.

जात आता डब्याच्या रूपात दिसत नाही असं म्हणत असाल तर कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधला प्रयोग पाहा. निष्कर्ष २००४ ते २००६ च्या दरम्यान प्रसिद्ध झाले. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, प्रत्येकी एक रुपया बक्षीस. जात न विचारता दिले तेव्हा सवर्ण आणि दलित मुलं जवळपास सारखीच होती. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव, जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली गेली. दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. तीच बुद्धी, तोच कागद, तोच रुपया. आता शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवशी वर्गात काय होतं ते आठवा. 'एससी-एनटीवाले उभे राहा' ही हाक अनेक शाळांत सहज दिली जाते. गुरुजींना यादी करायची असते, त्यांचा दुसरा काही हेतू नसतो. पण यादी तर हजेरीपटावरूनही करता येते.

आणि या साऱ्याचं खापर सवर्ण शिक्षकांवर फोडून मोकळं होता येत नाही. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या एका शहरात शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. मुलाची जात दाखवणारं वरचं पान प्रत्येक पेपरला चिठ्ठ्या टाकून लावलेलं होतं. कनिष्ठ मानलेल्या जातीचं पान लागलं की गुण किंचित कमी पडत. किंचितच, पण पडत. चकित करणारी गोष्ट ही की हा भेद प्रामुख्यानं त्या जातींतल्याच शिक्षकांच्या हातून झाला. सेंट लुईसच्या बाईंशी हे जुळतं. धडपडून वर आलेला माणूस कधी कधी आपल्या मागे राहिलेल्यांकडे जास्त कठोरपणे बघतो. म्हणून 'आपल्यातला शिक्षक आला की मुलांचं भलं होईल' हेही आपोआप घडत नाही, आणि प्रश्न चांगल्या-वाईट माणसांचा कमी, सवयींचा जास्त आहे, असं मला वाटतं.

बोलीचा छळ तर आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पहिलीतलं पोर उत्साहानं सांगतं, "बाई, आमच्या हिरीला पानी आलंय." बाईंनी ऐकायला हवी ती विहिरीची बातमी. त्या ऐकतात 'न'. "पानी नाही, पाणी म्हणायचं. म्हण पाहू?" वर्ग हसतो. पोर 'पाणी' म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी काही सांगत नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था सुरू केली आणि मुलाच्या घरच्या बोलीचा मान राखून लिहायला-वाचायला शिकवण्याचा आग्रह धरला. प्रमाणभाषा शिकवूच नका असं कुणीच म्हणत नाही. ती तिसरी-चौथीत सावकाश येते. पण पहिलीत गेलेला आवाज परत आणणं महाकठीण असतं.

दयेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ती ओळखू येत नाही. कडक शिक्षकाला मुलं घाबरतात, तरी तो सरपंचाच्या पोरालाही तेवढंच बोलतो असं दिसलं तर त्याला मानतातही. पोरांचा न्यायाचा तराजू फार चोख असतो. खरं नुकसान करतो तो दयाळू शिक्षक, जो कच्च्या मुलाला अवघड गणित देतच नाही. 'तू चित्र काढ बाळ', 'तू फळा पूस', 'जा, ऑफिसातून खडू घेऊन ये', 'पोषण आहाराची ताटं मोजून ये'. अशी कामं नेहमी त्याच दोघा-तिघांना का मिळतात, याचा विचार करून पाहावा. ती मुलं आनंदानं करतात, कारण तेवढ्यात तरी कौतुक होतं. सोप्या प्रश्नाच्या उत्तराला जरुरीपेक्षा जोरात शाब्बासकी दिली की मुलाला बरोबर कळतं की आपल्याकडून याहून काही अपेक्षित नाही. जेरी ब्रॉफी यांनी वर्गातल्या कौतुकाचा अभ्यास करून हाच इशारा १९८१ मध्ये दिला होता. माझ्या मते एखाद्या मुलाला चूक दाखवून ती सुधारेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहणं, यापेक्षा मोठा सन्मान वर्गात दुसरा नाही.

आता शिक्षकांची बाजू. ती लंगडी नाही. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर कामं देता येत नाहीत, पण ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी, तातडीच्या व्हॉट्सॲप संदेशांची उत्तरं यांना कुणी काम समजतच नाही. त्यात अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा. अशा वेळी शिक्षक उत्तर येणाऱ्याला प्रश्न विचारतो, कारण तास पुढे सरकतो. शाळेची रचनाच त्याला तसं शिकवते. शिष्यवृत्ती परीक्षेचं घ्या. पूर्वी चौथी-सातवीला, मग पाचवी-आठवीला, पण पद्धत तीच: दिवाळीआधीच 'शिष्यवृत्तीची मुलं' निवडली जातात, त्यांचे सकाळी जादा तास, सुट्टीतही तास, निकालानंतर फलकावर फोटो. शाळेचं नाव त्यांच्यावर ठरतं. उरलेली मुलं शाळेत असतात, शाळेची नसतात. हायस्कुलांत गुणांवर पाडलेल्या तुकड्या तर उघड आहेत. 'अ'ला सगळ्यात अनुभवी सर, 'ड'ला नुकतेच लागलेले किंवा तासिका तत्त्वावरचे. आणि मग स्टाफरूममध्ये 'ड'च्या नावानं उसासे.

रचनेला दोष द्यावा, पण शिक्षकाच्या हातात काहीच नाही हे मी मानत नाही. 'प्रथम' संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नावाचा उपक्रम चालवला होता. वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली, महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या दिवसातले दोनेक तास वेगळी घेऊन बसत आणि जिथे त्यांचं अडलंय तिथपासून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं काटेकोर मोजमाप २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. मुलांचे गुण चांगले वाढले, सगळ्यात जास्त वाढले ते तळच्या मुलांचे. या मुलींकडे डी.एड. नव्हतं. त्या अधिक प्रेमळ होत्या असाही पुरावा नाही. फरक हा की त्या खोलीत प्रश्न विचारायला दुसरं कुणी नव्हतंच. 'हुशार' मुलगा शेजारी बसलेला नव्हता, म्हणून थांबणं भाग होतं. पगारदार शिक्षकाच्या वर्गात हे मुद्दाम करावं लागतं. पण दोन सेकंद थांबायला ना अनुदान लागतं, ना शासननिर्णय.

शासननिर्णयाचा उल्लेख केला तो मुद्दाम. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादाची वाट धरली तेव्हा शिक्षक खुर्ची सोडून मुलांत जमिनीवर बसला, मुलं गटात एकमेकांना शिकवू लागली. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातून शिक्षकांच्या सहली ते पाहायला गेल्या. परत येऊन अनेकांनी काय केलं? फरशी रंगवली. अंकांच्या पट्ट्या, मुळाक्षरांची चक्रं, झाडाची पानं. काही ठिकाणी त्या रंगवलेल्या फरशीवर पुन्हा बाक मांडले गेले, कारण पोरांच्या पायांनी रंग जातो. दिसणाऱ्या गोष्टीची नक्कल सोपी असते आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही तीच दिसते.

म्हणून माझी सूचना सांगताना मला धाकधूक वाटते. ती अगदी साधी आहे. वर्गातल्या बसण्याचा आराखडा कागदावर काढावा आणि एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवून आठवड्यातला एक तास नुसत्या खुणा करायला सांगाव्यात: प्रश्न कोणाला गेला, किती थांबलं, अडल्यावर धागा दिला की बसवलं. तास संपल्यावर तो कागद शिक्षकाच्या हातात द्यायचा, टिप्पणी करायची नाही. पुढच्या बाकांवर खुणांची गर्दी आणि मागच्या कोपऱ्यात कोरा कागद, हे बघून काही शिक्षक रागावतील, काही हसण्यावारी नेतील. बहुतेकांना ते आधीपासून अंधूक ठाऊक असतं, फक्त कागदावर पाहिलेलं नसतं.

धाकधूक यासाठी की ही कल्पना कुणाला आवडली तर उद्या तिचा नमुना 'अ' आणि नमुना 'ब' तयार होईल, केंद्रप्रमुख ते दर महिन्याला गोळा करतील, गटशिक्षणाधिकारी टक्केवारी काढतील. मग ते तक्ते शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये चहासोबत भरले जातील आणि त्यांत शेवटच्या बाकाला पहिल्या बाकाइतक्याच खुणा असतील. तेव्हा हा कागद शिक्षकाच्या टेबलाच्या खणात राहू द्यावा; तो ऑफिसात मागू नये आणि पोर्टलवर तर मुळीच चढवू नये.